कुरळ्या केसांतला घट्ट गुंता: कात्री लावण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणाला असाच त्रास असेल तर त्यालाही उपयोग होईल. मुलगी सोळा वर्षांची, केस दाट, कुरळे, कमरेपर्यंत. डेंग्यू झाला, आठवडाभर दवाखान्यात होती, नंतर दोन आठवडे घरी अंथरुणात. या काळात डोक्याला कंगवा लागला नाही. आता मानेच्या वर, उशीला डोकं टेकतं तिथे, तळहाताएवढा घट्ट गोळा झालाय. जवळच्या पार्लरमध्ये ‘बॉयकट करावा लागेल’ असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, ही जट आहे, हिला कात्री लावायची नाही. आणि मुलगी कुणाला डोक्याला हात लावू देत नाही.

केस वाचतील. तीन आठवड्यांचा गुंता फार जुना म्हणता येत नाही. वेळ मात्र लागेल. एवढ्या गोळ्याला चार ते सहा तास धरा, आणि तेही दोन-तीन बैठकांत. पार्लरवाल्या बाईंना दोष देऊ नका; दुकानात गिऱ्हाईक रांगेत बसलेलं असताना एका डोक्यावर सहा तास घालवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून तिथे उत्तर कात्रीचंच मिळतं. घरी तुमच्याकडे वेळ आहे.

तो गोळा कशाचा झालाय ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. सरळ केसांतून ते घसरून खाली पडतात. कुरळ्या केसांत ते वळणांमध्ये अडकून राहतात आणि विंचरताना गुंतवळ म्हणून एकदम निघतात. वीस दिवस विंचरलंच नाही तर हजार-दोन हजार सुटे केस डोक्यातच साठतात आणि मुळाशी घट्ट असलेल्या केसांभोवती गुंडाळले जातात. त्यात ताप आणि घाम, आणि दिवसभर उशीवर घासलं जाणं. केसाच्या पृष्ठभागावर टोकाच्या दिशेने तोंड असलेले बारीक खवले असतात. केस एकमेकांवर घासले की ते खवले एकमेकांत रुततात आणि सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून जाड होतो, तो याच कारणाने.

म्हणजे तुमच्या मुलीच्या गोळ्यात मोठा वाटा आधीच गळून गेलेल्या केसांचा आहे. ते बाहेर येणारच आहेत. आपलं काम एवढंच, की ते बाहेर सरकताना मुळाशी असलेले केस तुटू नयेत. हे एकदा डोक्यात बसलं की ओढाताण करावीशी वाटत नाही.

यातून पहिली सूचना निघते: डोकं धुऊ नका. ‘आधी न्हाऊ घाल, मग गुंता सुटेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि मोकळ्या केसांना तो चालतोही. पण गोळ्यावर शाम्पू घालून चोळलं की स्वेटरचं झालं तेच होतं. नुसत्या पाण्याने केस फुगतो, गाठ आवळते, शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. आधी तेल आणि कंडिशनर, पाणी त्यानंतर, तेही फवाऱ्याने.

दुसरी गोष्ट, सुरुवात करण्याआधी टाळू नीट बघा. खिडकीपाशी उजेडात बसवा आणि गोळ्याच्या कडेने केस बाजूला करत त्वचा दिसते का पाहा. उवा-लिखा असतील, जखम, पू, ओल, घाण वास किंवा हात लावताच दुखणारी सूज असेल तर घरचा उद्योग थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. उवांचं औषध गोळ्याच्या आत पोचत नाही, म्हणून काही वेळा डॉक्टरच गोळा कापायला सांगतात. तसं सांगितलं तर ऐकावं. तसं काही नसेल आणि मुलीला तासभर बसवेल इतकी ताकद आली असेल, तरच सुरू करा. घाईचं काही नाही; चार दिवस थांबलात तर बिघडत नाही, फक्त तोवर बाकीच्या मोकळ्या केसांच्या दोन सैल वेण्या घालून ठेवा, नाहीतर गोळा तेही ओढून घेतो.

सामान सांगते. मोठ्या, विरळ दातांचा कंगवा. फणी कपाटात ठेवून द्या, तिचं इथे काम नाही. टोकदार शेपटीचा कंगवा पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळतो, नाहीतर विणकामाची जाड, बोथट सुई चालेल. केस वेगळे धरायला चार-सहा चिमटे, पाण्याचा फवारा, जुना सुती पंचा. आणि कंडिशनर, भरपूर. दोनशे-तीनशे मिलिलिटर संपेल असं समजूनच आणा. महाग घ्यायची गरज नाही. बाटलीच्या मागच्या यादीत बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड यांपैकी एखादं नाव वरच्या भागात दिसलं की झालं. केसाच्या खराब झालेल्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि या द्रव्यांवर धन भार, त्यामुळे ती केसाला धरून बसतात आणि एक केस दुसऱ्यावरून घसरू लागतो. यादीत डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन, म्हणजे सिलिकोन, असेल तर या कामाला उलट बरंच. एरवी कुरळ्या केसांसाठी सिलिकोन नको म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. त्यांचं म्हणणं रोजच्या वापरापुरतं ठीक असेल, पण गुंता सोडवताना मला सिलिकोन हवंच असतं. नंतर धुऊन टाकता येतं.

घरगुतीच काही हवं असेल तर जवसाचं पाणी. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताराळ चिकटा आला की लगेच, गरम असतानाच गाळा. गार झाल्यावर ते गाळणीतून उतरतच नाही. हा चिकटा कंडिशनरमध्ये मिसळला की तो चांगला निसरडा होतो. नुसता मात्र लावू नका, वाळला की केस कडक होतात. मेथीची पेस्ट, मेंदी, शिकेकाईची पूड, अंडं, दही यांतलं काहीही गोळ्यात जाऊ देऊ नका. पुडीचे कण आत अडकतात आणि अंडं वाळलं की नवीन त्रास. कपड्यांसाठीचं कंडिशनर वापरा असंही कुणीतरी सांगेल. ते त्वचेसाठी केलेलं नसतं.

आदल्या संध्याकाळी खोबरेल. मुंबईत मॅरिकोच्या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केसातून निघून जाणारं प्रथिन खोबरेलाने कमी झालं, बाकी दोघांनी तसा फरक पडला नाही. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे खरं, पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. आत तेल असलं की पाणी कमी शिरतं आणि केस कमी फुगतो. आपल्याला नेमकं तेच हवंय. तेल कोमट करा, बोटांची टोकं बुडवून गोळ्यात चारी बाजूंनी दाबत दाबत मुरवा. चोळायचं नाही. टाळूला थापायची गरज नाही. वरून पंचा सैल बांधून झोपू द्या.

दुसऱ्या दिवशी मुलीला खुर्चीत पाठीला उशी देऊन बसवा. ती डोक्याला हात लावू देत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं त्यामागे दुखण्याइतकीच लाज आणि टक्कल पडण्याची भीतीही असणार. हात लावण्याआधी तिला दोन गोष्टी सांगा. एक, ‘थांब’ म्हणालीस की त्या क्षणी हात काढीन. आणि हे खरंच पाळा, पहिल्याच वेळी. दुसरं, आज केसांचा मोठा पुंजका निघणार आहे, तो गेल्या तीन आठवड्यांचा आहे, आत्ता तुटलेला नाही. हे आधी न सांगता पुंजका तिच्यासमोर पडला तर दुसऱ्या बैठकीला ती बसणार नाही. तिला फोनवर काही बघू द्या, पण आवाज तिच्या कानात, इयरफोनवर. तुम्हाला केसांचा आवाज ऐकू यायला हवा. केस तुटताना बारीक ‘टक्’ आवाज येतो. सुटा केस घसरतो तेव्हा आवाज होत नाही. टक्-टक् ऐकू आलं की हात थांबवायचा, कंडिशनर वाढवायचं, जागा बदलायची.

आता गोळ्यावर कंडिशनर. तेलाच्या वरूनच, केस कोरडे असतानाच. मूठभर घ्या आणि वरून, खालून, कडेने दाबून आत ढकला. फवाऱ्याने थोडं पाणी मारा, गोळा ओलसर व्हावा पण गळू नये. अर्धा तास तसंच राहू द्या. मुरायला वेळ न देता सुरू करणारे पुढे तासभर उगाच झगडतात.

सुरुवात गोळ्याच्या मध्यावरून कधीच नाही. कडेला, खालच्या बाजूला, एखादी सैल बट दिसेल, तिथून. एका हाताच्या मुठीत गोळा आणि टाळू यांच्या मधले केस घट्ट धरा, म्हणजे ओढ मुठीतच अडते, मुळापर्यंत जात नाही. हे एकच काम नीट केलंत तर मुलीला जवळजवळ दुखणार नाही. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्या बटेतले दोन-चार केस आडवे, बाजूला खेचून गोळ्यापासून वेगळे करा. खाली ओढायचं नाही, बाजूला उकलायचं. बोटं जिथे शिरत नाहीत तिथे शेपटीच्या कंगव्याचं टोक किंवा विणकामाची सुई गाठीत घाला आणि गाठीचा एक एक फेर बाहेर काढा. टोक टाळूकडे नाही, बाहेरच्या बाजूला असू द्या. एक बट मोकळी झाली की तिला कंडिशनर लावून, पिळा देऊन चिमट्याने दूर अडकवा. मोकळी सोडलीत तर ती परत गोळ्यात जाते.

अशा तीन-चार बटा निघाल्या की गोळा थोडा सैल पडतो. मग दोन्ही हातांच्या बोटांनी त्याला उभा, केसांच्या लांबीच्या दिशेने, दोन भागांत उकलायचा प्रयत्न करा. हळू, दोन्ही बाजूंना सारखा ताण देत. एकाचे दोन, दोनाचे चार. लहान भागात कंडिशनर आतपर्यंत जातं आणि पुढचं काम भरभर होतं. या कामात सगळ्यात जास्त वेळ पहिल्या दोन भागांना लागतो. पहिल्या तासात काहीच झालं नाही असं वाटेल, तिथे हाय खाऊ नका. कंडिशनर वाळत आलं की फवारा, परत थोडं कंडिशनर. वाळलेल्या केसाला हात लावायचा नाही.

कंगवा सगळ्यात शेवटी. बोटांनी भाग मोकळा झाला, बोट वरून खालपर्यंत न अडकता जातंय असं झालं की मगच विरळ दातांचा कंगवा, तोही टोकापासून. शेवटची दोन बोटं लांबी विंचरा, मग त्याच्या वरची दोन बोटं, असं चढत चढत मुळाकडे. वरून एकदम ओढलं की वाटेतल्या सगळ्या बारीक गाठी खाली जमून एक मोठी गाठ होते.

पाऊण तास-तास झाला की थांबा, तिला उठू द्या, खाऊ द्या. तुमचेही हात दुखायला लागतात आणि दुखरा हात ओढायला लागतो. काम अर्धं राहिलं आणि दिवस संपला तर मोकळा झालेला भाग विंचरून सैल वेणीत घाला, राहिलेल्या गोळ्यातलं कंडिशनर पाणी ओतून, न चोळता काढा, अलगद टिपा आणि थोडं खोबरेल लावून झाकून ठेवा. कंडिशनर रात्रभर टाळूवर ठेवू नका, काहींना खाज सुटते.

निघालेले केस फेकण्याआधी पांढऱ्या कागदावर पसरून बघा. टोकाला बारीक पांढरट गोळी दिसली तर तो केस आपण होऊन गळलेला आहे. आखूड तुकडे आणि दोन्ही टोकांना काहीच नाही, असे केस जास्त दिसले तर तुमचा हात जड पडतोय. मुलीलाही दाखवा. एवढा पुंजका बघून घाबरलेल्या मुली पांढरी गोळी बघितल्यावर शांत होतात, हा माझा अनुभव आहे.

मधला गाभा दगडासारखा घट्ट राहिला, तासभर काही हलेना, तर कात्रीलाही जागा आहे. पण आडवी नाही. कात्रीचं टोक गोळ्यात उभं घालायचं, केसांच्या दिशेने, आणि टाळूपासून दोन बोटं अंतर सोडून खालच्या बाजूला एक चीर द्यायची. काही केस जातात, पण गोळ्याचे दोन तुकडे होतात आणि लांबी वाचते. दाट कुरळ्या केसांत ते गेलेले केस कुणाला दिसतही नाहीत. ही चीर शक्यतो ज्याचा हात कात्रीवर बसलेला आहे त्याच्याकडून देऊन घ्या. गोळा महिनोन्‌महिन्यांचा असेल, टाळूला चिकटलेला असेल, रुग्णाला बसवतच नसेल, तर मी स्वतःच सरळ कापायला सांगते. तुमच्या मुलीचं तसं नाही.

सासूबाईंच्या बोलण्याकडे येते, कारण घरात त्यांचा शब्द चालत असेल तर वरचं सगळं कागदावरच राहील. जट म्हणतात ती हीच प्रक्रिया, फक्त पुढे गेलेली. विंचरलं नाही, धुतलं नाही, मग देवीचं म्हणून हात लावायला भीती, म्हणून आणखी विंचरलं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं म्हणून जट आलेल्या मुली देवीला सोडल्या जात. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे. पुण्याच्या नंदिनी जाधव आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक बायकांना समजावून त्यांच्या जटा काढल्या आहेत; जटेच्या वजनाने मान दुखणं, उवा, झोप न येणं, हे त्या बायका वर्षानुवर्षं सोसत असतात. आणि ही समजूत आपल्याकडचीच आहे असंही नाही. पोलंडमध्ये हाच प्रकार इतका होता की वैद्यकात त्याला ‘प्लायका पोलोनिका’ असं त्या देशाचं नाव मिळालं. तिथेही गुंता कापला तर आंधळेपणा येतो, वेड लागतं असं मानायचे. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिटल यांनी त्याविरुद्ध मोहीम काढली. म्हणजे यल्लम्माचं नावही न ऐकलेल्या लोकांत हीच जट आणि हीच भीती होती.

सासूबाईंशी वाद घालायला मात्र जाऊ नका. त्यांची भीती कात्रीची आहे ना, मग त्यांना सांगा की कात्री लावत नाही, तेल लावून विंचरतोय. शक्य असेल तर आदल्या दिवशीचं खोबरेल त्यांच्याच हातून लावून घ्या. एक बट मोकळी होताना डोळ्यांनी पाहिली की बरंचसं बोलणं आपोआप बंद होतं.

गुंता पूर्ण सुटल्यावर त्याच दिवशी न्हाऊ घाला, पण कोमट पाण्याने आणि केस चार भागांत सैल पिळे देऊन. सौम्य शाम्पू मगात पाण्यात पातळ करून फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. फेस खाली वाहत जाईल तेवढा लांबीला पुरे. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा मग पिण्याच्या पाण्याचा घ्या. परत कंडिशनर, दोन-तीन मिनिटांनी धुवा. टॉवेलने रगडू नका, सुती पंच्यात दाबून पाणी टिपा. ड्रायर, स्ट्रेटनिंग, रंग, केरॅटिन हे सगळं दोन-तीन महिने लांब ठेवा. आठवड्याने टोकं अर्धा-एक इंच कापून घ्या. फाटलेली टोकं पुढच्या गाठीची सुरुवात असते.

रात्री मागे एक वेणी घालू नका, ती उशीखाली घासते. दोन बाजूंना, खांद्यावरून पुढे येतील अशा सैल वेण्या. उशीला सॅटिनचा अभ्रा, किंवा जुनी मऊ रेशमी ओढणी गुंडाळली तरी चालेल. आठवड्यातून दोनदा कंडिशनर लावून बोटांनी गुंतवळ काढा, कोरडे कुरळे केस रोज विंचरायची गरज नाही. घरात पुढे कधी कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर पिशवी भरतानाच या दोन वेण्या घाला. दोन-तीन दिवसांनी सोडून, बोटांनी साफ करून परत घातल्या की एवढा गोळा होत नाही.

आणखी एक, हे आत्ताच सांगून ठेवते म्हणजे तेव्हा घाबरणार नाही. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम जास्त गळतात. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, सगळ्यांनंतर हे दिसतं. आजारपणाच्या ताणाने बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात आणि ते मग एकत्र सुटतात. गुंता सोडवताना केस ओढले गेले म्हणून हे होतंय असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्या काळात गुंतवळ रोज काढा, कारण सुटे केस जास्त म्हणजे गोळा व्हायची शक्यताही जास्त. साधारण सहा महिन्यांत गळती थांबते. नाही थांबली, किंवा भांग रुंद होतोय असं दिसलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं का ते विचारा. या वयाच्या मुलींत लोह कमी असणं नेहमीचंच आहे, आणि लोह कमी असेल तर नुसत्या तेलाने गळती थांबत नाही.